चिरबोटीची पानं आणि वाटीभर दूध

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी सहा वाजता एक पान तपासलं जायचं. मी हॉस्पिटलमधून यायचे, बूट काढायचे, केटल लावायला जायचे, तेवढ्यात आप्पा मागच्या दाराने आत येऊन जेवणाच्या टेबलावर एक पान ठेवायचे. झाडाचं पान, तेही आजारी. ते स्टीलच्या ताटलीत ठेवायचं, चष्मा कपाळावरून खाली ओढायचा, पान उलटं करायचं, सुलटं करायचं, उजेडासमोर धरायचं आणि मग खाकरून निदान सांगायचं. निदान झाल्याशिवाय कोणालाही चहा मिळायचा नाही, मला तर नाहीच नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म विदर्भात कृषी खात्यात गेला. आधी सायकलवर आणि मग मोपेडवर गावोगाव फिरून त्यांनी लोकांना कपाशीचे, तुरीचे, मिरचीचे रोग सांगितले. आई गेल्यावर मी त्यांना लीड्सला आमच्याकडे आणलं. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, नवरा ऑफिसात, मुलगी युनिव्हर्सिटीत दूर. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आप्पा घरात एकटे. आधीच्या मालकाने मागच्या बागेत एक जुनं ग्रीनहाउस सोडलं होतं, एक काच तडकलेली, दार नीट न लागणारं. आम्ही तिथे सायकली ठेवायचो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आप्पांनी अचानक त्या सायकली बाहेर काढल्या, काचा पुसल्या, एक प्लास्टिकची खुर्ची आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "आता मी इथं बसत जाईन." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी एकदाचे आप्पा इथे रुळले, असं मी सगळ्यांना फोन करून सांगितलं.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आप्पांना तंबाखूची सवय होती. सिगारेट-विडी कधी नाही. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, त्यावर नखभर चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठात ठेवायची. माझ्या लहानपणी आप्पा घरी आले हे मला त्या दोन टाळ्यांवरून कळायचं. दोन वर्षांपूर्वी इथल्या डेंटिस्टला त्यांच्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. त्याने मोठ्या डेंटल हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, की हा चट्टा आज काही नाही, पण तंबाखू चालू राहिली तर उद्याचं सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं. त्याच संध्याकाळी आप्पांनी त्यांची दोन तोंडांची ॲल्युमिनियमची डबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "संपलं."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदनेला आजूबाजूच्या गावांतली चार-पाच मराठी कुटुंबं येतात. त्या रविवारी पंचशील म्हणून झाल्यावर आप्पांनी सगळ्यांसमोर उभं राहून तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. तोवर गंमत अशी होती, की एक मावशी त्यांना दर वेळी चिडवायच्या, "आप्पा, पाचव्या शीलाचं काय?" पाचवं शील म्हणजे नशा न करण्याचं. आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाचव्यात दारू हाय, तंबाखूचं नाव बी नाही. चर्चेचा मुद्दा हाय." त्या रविवारी मावशी म्हणाल्या, "चला, चर्चा मिटली." मी दिवसभर लोकांना तंबाखू सोडायला निकोटीनच्या पट्ट्या देते, ती सुटता सुटत नाही हे मला माहीत. पण आपला बाप म्हणजे काही निराळाच, अशी माझी समजूत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर एप्रिल संपता संपता शेजारच्या बाईंनी कुंपणावरून चार रोपं दिली. बाई ऐंशीला टेकलेल्या, मूळच्या इथल्याच, सगळ्यांना 'लव्ह' म्हणून हाक मारणाऱ्या. म्हणाल्या, ही टोमॅटिओची रोपं, मेक्सिकोकडची भाजी. एकटं झाड लावू नका, एकट्याला फळ धरत नाही, जवळ दुसरं लागतंच. आप्पांनी कुंडी हातात घेतली, पान चोळून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला! "अवं, ही तर आपली चिरबोटी!" आमच्याकडे शेताच्या बांधावर चिरबोटी उगवते, कागदी टोपी घातलेलं गोट्याएवढं फळ. पोरं ती टोपी फुगलेली असताना कपाळावर आपटून फट्‌कन वाजवतात. ही तिचीच मोठी बहीण. आप्पांनी बाईंना ते कपाळावर आपटून दाखवायचा अभिनय केला. बाईंना वाटलं त्यांचं डोकं दुखतंय, म्हणून त्या पॅरासिटामॉल आणायला आत गेल्या.

तीन रोपं ग्रीनहाउसमध्ये गेली, टोमॅटोच्या आणि मिरचीच्या शेजारी. चौथ्याला तिथे जागा उरली नाही, म्हणून ते माझ्या किचनच्या खिडकीत आलं. त्याचं पाणी-बिणी माझ्याकडे, बाकी सगळं राज्य आप्पांचं. शेंडे खुडायचे म्हणजे झाड डेरेदार होतं, असं त्यांनी मला शिकवलं. ग्रीनहाउसमधले शेंडे ते स्वतः अंगठा आणि तर्जनीत धरून खुडायचे. खिडकीतलं मी खुडायचे, भाजी चिरता चिरता.

मे महिन्यात पहिलं पान ताटलीत आलं. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. आप्पांनी एका नजरेत सांगितलं, "पिसू भुंगेरा." काळा, मोहरीएवढा किडा, हात लावला की उडी मारतो. त्यांनी पिवळ्या पुठ्ठ्याला ग्रीस फासून झाडाजवळ धरलं, झाड हलवलं, आणि भुंगेरे पटापट त्यावर चिकटले. चार दिवसांत कारभार आटोपला. मग मावा आला, तोही साबणाच्या पाण्याने गेला. नवऱ्याने एका पानाचा फोटो फोनमधल्या ॲपला दाखवला तर ॲप म्हणालं, हा बटाटा आहे. आप्पा त्यावर आठवडाभर हसले. शेजारच्या बाई आपल्या टोमॅटोची पानं घेऊन कुंपणाशी यायला लागल्या. त्या यॉर्कशायरच्या इंग्रजीत बोलायच्या, हे वऱ्हाडीत, आणि दोघांचं पानावर एकमत व्हायचं. मी नुसती बघत राहायचे.

जूनच्या मध्यावर मात्र वेगळंच पान आलं. फिकट हिरवं आणि गडद हिरवं असे ठिगळ लावल्यासारखे डाग, कडा मुरडलेल्या. आप्पांनी चष्मा खाली ओढला, पान उजेडासमोर धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग ते ताटलीत पालथं घालून म्हणाले, "थंडीनं हाय." मी म्हटलं, आप्पा, सव्वीस डिग्री आहे बाहेर, लोक अर्ध्या चड्डीत फिरतायत. ते म्हणाले, "राती पडते थंडी." आणि चहा मागितला.

आठवड्याने तिन्ही झाडांवर तेच डाग, आणि वरची नवी पानं तर दोऱ्यासारखी बारीक निघालेली. आता निदान बदललं. मॅग्नेशियम कमी पडतंय म्हणाले. मी कामावरून येताना एप्सम सॉल्ट घेऊन आले, मोजून पाण्यात विरघळवलं, फवारलं. काही फरक नाही. मग म्हणाले पाणी जास्त होतंय. मग म्हणाले माती बदल. मी रविवारी कंपोस्टची दोन पोती गाडीतून ओढत आणली, कंबर धरली. डाग टोमॅटोवर गेले, मिरचीवर गेले. आणि रोज सहा वाजता आप्पा नवं काहीतरी सांगायचे. ज्या माणसाने चालत्या एसटीच्या खिडकीतून शेतातला रोग ओळखलाय, तो माणूस माझ्यासमोर चाचपडत होता. मला वाटलं, वय झालं. मला फार वाईट वाटलं. रात्री नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की आप्पांची नजर गेली रे, त्यांना आता कळत नाही आणि ते कबूल करत नाहीयेत. काहीही झालं तरी त्यांना टोचून बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

एक गोष्ट खटकली होती, नाही असं नाही. एक पान शेजारच्या बाईंना दाखवू या, मी म्हटलं. आप्पा एकदम म्हणाले, "काहून? त्याईले काय समजते?" आदल्याच आठवड्यात त्याच बाईंना ते उगीच का 'मॅडम सायंटिस्ट' म्हणत होते? पण मला वाटलं, मान सांभाळतायत. म्हातारपणी माणसाला तेवढंच उरतं, असं काहीतरी शहाणपणाचं मी स्वतःला सांगितलं.

जुलैतल्या एका शनिवारी आप्पा लायब्ररीत गेले होते. बसचा पास मिळाल्यापासून ते शनिवारी लायब्ररीत जायचे. मी डाग पडलेलं एक पान घेऊन कुंपणाशी गेले. बाईंनी ते हातात घेतलंच नाही, नुसतं पाहिलं. दोन्ही हात मागे घेतले आणि विचारलं, "लव्ह, तुमच्याकडे कोणी तंबाखू ओढतं का?"

मी ताडकन म्हटलं, आमच्याकडे कोणीही नाही. त्या म्हणाल्या, मग नवल आहे. माझा नवरा पाइप ओढायचा, त्याला मी कधी टोमॅटोला हात लावू दिला नाही. तंबाखूच्या पानातला विषाणू हातावरून झाडात जातो, आणि एकदा गेला की त्याला औषध नाही. टोमॅटो, मिरची, टोमॅटिओ, बटाटा, सगळी तंबाखूचीच भावंडं. त्या पुढेही काही बोलत होत्या, पण मला ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक मिरचीची रोपवाटिका आली होती.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. सुट्टीत आप्पा मला मोपेडवर मागे बसवून एका गावी घेऊन गेले होते. मिरचीचं रोप तयार होतं, लावणी सुरू व्हायची होती. शेतकरी तंबाखू मळत मळत वाफ्यात उतरायला लागला. आप्पांनी त्याला बांधावरच अडवलं. घरातून वाटीभर दूध मागवलं आणि त्या माणसाला त्या दुधाने हात धुवायला लावले, बोटन्‌बोट. तंबाखूचा रोग दुधाने मरतो, ते म्हणाले. त्याची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "पोराले प्याले दूध नाही, अन् याले हात धुवाले दूध!" परतीच्या वाटेवर आप्पा मला म्हणाले होते, "रोगाले लाज नसते बाई. तो जिथून आला तिथलंच सांगते."

मी किचनमध्ये आले. खिडकीतलं माझं झाड बघितलं. हिरवंगार, एकही डाग नाही. त्याला फक्त माझे हात लागले होते.

मग मी ग्रीनहाउसमध्ये गेले. खुर्चीच्या जवळचं झाड सगळ्यात जास्त डागाळलेलं होतं, लांबचं त्यामानाने बरं. बियांच्या पाकिटांचा डबा उघडला. मेथी, कोथिंबीर, मुळा, आणि मुळ्याच्या खाली प्लास्टिकची पुडी. शेजारी चुन्याची ट्यूब. म्हणजे फेब्रुवारीत सायकली बाहेर निघाल्या त्या यासाठी. मी जगाला फोन करून सांगत होते, आप्पा रुळले. आणि आप्पा ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

माझा स्वभाव तापट आहे, मी लपवत नाही. पाच मिनिटं मी त्या खुर्चीत बसून जे जे बोलायचं ते सगळं मनात बोलून घेतलं. कंपोस्टची दोन पोती, माझी कंबर, एप्सम सॉल्ट, 'राती पडते थंडी', एकूण एक. आणि मग रागाखालून भीती वर आली. तो पांढरा चट्टा आठवला. पुढची तपासणी दोन आठवड्यांवर होती. आईच्या वेळी मी इथे होते आणि ती तिथे. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता हे माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बागेत बसून, स्वतःच्या तोंडात रोग पेरत होते. ओरडून काय होणार होतं? ते 'नाही' म्हणाले असते आणि आणखी एक खोटं वाढलं असतं.

मी पुडी होती तिथेच ठेवली. फ्रिजमधून दूध काढलं, स्टीलच्या वाटीत ओतलं आणि ती वाटी त्यांच्या खुर्चीसमोर पालथ्या कुंडीवर ठेवून आले. बाकी काही नाही.

चार वाजता आप्पा आले. मला लायब्ररीतल्या पेपरांबद्दल दोन वाक्यं सांगून मागे गेले. मी किचनच्या खिडकीत उभी राहून एकच कढई पुन्हा पुन्हा घासत होते. काचेतून ते एका बाजूने दिसत होते. ते वाटीसमोर उभे राहिले. मग बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हालचालच नाही. मला वाटलं, कळलं नाही की काय. आणि मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, वाटी मांडीवर घेतली आणि हात धुवायला लागले. एकेक बोट, नखांच्या कडा, तळवा. जसे त्या शेतकऱ्याला धुवायला लावले होते, अगदी तसे.

ओल्या हातांनी ते मागच्या दारात येऊन उभे राहिले. पुडी आणि ट्यूब वाटीत ठेवलेली. "साबण दे," म्हणाले. मी साबण दिला. सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "तुले केव्हा समजलं?"

"आज. शेजारच्या बाईंनी विचारलं, आणि मला ती मिरचीची रोपवाटिका आठवली."

"मले पहिल्याच दिवशी समजलं व्हतं."

"मग मॅग्नेशियम? मग ती पोती?"

ते नळ बंद करून वळले. "रोगाचं नाव सांगतलं असतं तर कारण बी सांगा लागलं असतं ना, बाई."

मग मात्र मी रडले. रागाने आणि कशाकशाने. म्हटलं, मला झाडांचं काही नाही हो आप्पा, सगळी जळून जाऊ देत. मला तुमच्या तोंडाची भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात. हे मी त्यांना असं सरळ आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. आप्पा टेबलाशी बसले आणि रिकाम्या ताटलीकडे बघत म्हणाले, "हिवाळ्यात इथं चार वाजता दिवस बुडते. तुम्ही येता सहाले. ते दोन घंटे लय मोठे असतात." एकदा बसने जाऊन पुडी आणली, एकच चिमूट म्हणून. पुढचं मला सांगायची गरज नव्हती, मी रोज काउंटरवर तेच ऐकते.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा कृषी खात्यात गेले. म्हणजे ग्रीनहाउसच्या दारात उभे राहून, हात मागे बांधून, खणखणीत आवाजात मला आणि नवऱ्याला सूचना द्यायला लागले. झाडं मुळासकट उपटा. कंपोस्टात नाही, पिशवीत बांधून काळ्या बिनमध्ये. कात्री उकळत्या पाण्यात. काचा, कुंड्या, खुर्ची, सगळं साबणाने. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं! नजर गेली नव्हती माणसाची. टोमॅटोला आठ-दहा हिरवी फळं लागलेली होती, ती उपटताना नवऱ्याचा जीव तुटला. आप्पा म्हणाले, "त्याच्याकडं पाहू नको, उपट."

डेंटल हॉस्पिटलला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधीच आप्पांनी त्यांच्या इंग्रजीत सांगून टाकलं, की मागच्या वेळी सोडली होती, मग पुन्हा धरली, आता पुन्हा सोडली. त्यांनी चट्ट्याचा एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस मी कोणाशीही धड बोलले नाही. बातमी बरी आली. वाईट काही नाही, पण चट्टा तसाच आहे. आता सहाऐवजी तीन महिन्यांनी या. मी आप्पांना आमच्याच फार्मसीतून निकोटीनच्या पट्ट्या आणून दिल्या. दंडाला पट्टी लावून घेताना ते म्हणाले, "झाडाले मॅग्नेशियम, मले हे." मी दटावलं, की हे खरं औषध आहे, तुमच्या मॅग्नेशियमसारखं नाही. संध्याकाळचे दोन तासही आम्ही वाटून घेतले. आठवड्यातून तीन दिवस मी लवकर येते, उरलेले दोन दिवस शेजारच्या बाई त्यांना चहाला बोलावतात. दोघं काय बोलतात ते देव जाणे.

महिन्याच्या रविवारी वंदना झाली. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, आप्पांचा आवाज बंद पडला. बाकीच्यांनी पुढे म्हणून संपवलं. मग ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चौथं मोडलं व्हतं. सगळ्याईले खोटं सांगतलं." मावशींनी लगेच विचारलं, "आणि पाचवं, आप्पा?"

"पाचव्यावर चर्चा चालूच हाय," आप्पा म्हणाले, आणि सगळे इतके हसले की आतल्या खोलीत पोरं जागी झाली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बागेत नेलं. खिडकीतलं माझं झाड एकटं होतं, फळ धरणार नव्हतं. शेजारच्या बाईंनी आपल्याकडचं एक चांगलं वाढलेलं झाड कुंडीसकट दिलं होतं. दोन्ही दक्षिणेच्या भिंतीला, उन्हात ठेवली होती. आप्पा म्हणाले, "उद्यापासून याचे शेंडे मी खुडणार. दुधानं हात धुणार नाही. तू मले रोज विचारते, आप्पा, खाल्ली का, खाल्ली का. तुले बी बरं वाटत नाही, मले बी नाही. आता मले नको विचारू. पानाले पाहा. हात खराब असला तर दोन-तीन आठवड्यात त्याच्यावर दिसन."

मी म्हटलं, आणि झाड मेलं तर? बाईंनी एवढं दिलंय.

"तर मी खोटा," ते म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ताटलीत एक पान यायला लागलं, वरच्या शेंड्याचं, ताजं. आप्पा ते माझ्यासमोर ठेवायचे आणि या वेळी निदान मी करायचं. मी चष्मा लावायचे, उलटं करायचे, सुलटं करायचे, उजेडासमोर धरायचे. ते टेबलाच्या पलीकडे हात मांडीवर ठेवून बसायचे, निकालाला बसलेल्या पोरासारखे. एका रविवारी पानावर फिकट ठिपका दिसला. पुसून पाहिलं, पक्ष्याची शीट होती. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, पानं हिरवी येत राहिली. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चट्टा थोडा लहान वाटतोय. खरं सांगते, मला ते पानांकडून आधीच कळलेलं होतं.

फळंही धरली. कागदी टोप्या भरून फुटायला लागल्या, आत हिरवं, चिकट फळ. ते गॅसवर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून आप्पांनी स्वतः खलबत्त्यात चटणी कुटली. बाईंना वाटीभर दिली. मेक्सिकोची भाजी, विदर्भाची चटणी, आणि बाईंनी ती टोस्टला लावून खाल्ली. एक रिकामी टोपी आप्पांनी त्यांच्या समोर फुगवून कपाळावर आपटली. फट्‌कन वाजली. बाईंना तेव्हा कुठे एप्रिलमधला अभिनय कळला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ताटलीत पान आलं ते पिवळं होतं. कडेला जांभळट डाग, टोक मुरडलेलं. मी टोस्टला लोणी लावत होते, सुरी हातातच राहिली. आप्पांनी चष्मा खाली ओढला, पण पानाला हात लावला नाही.

"थंडीनं हाय," ते म्हणाले.

जूनमध्येही ते हेच म्हणाले होते, अगदी याच टेबलावर. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. मी पान उलटं करून पाहिलं नाही, उजेडासमोर धरलं नाही. उठले आणि चहाला केटल लावली.